डोळे येणे, रांजणवाडी आणि बुबुळावरचा पांढरा ठिपका

पावसाळ्याच्या तोंडावर हा विषय घेतला, त्याला कारण आहे. जुलै २०२३ तुम्हाला आठवत असेल. आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे यायला लागले आणि बघता बघता पुणे, मग जवळजवळ सगळा महाराष्ट्र लाल डोळ्यांनी फिरत होता. ओपीडीत पाय ठेवायला जागा नसायची. आणि खरं सांगायचं तर त्या गर्दीतल्या बहुतेकांना मी काहीही औषध दिलं नसतं, तरी आठ-दहा दिवसांत त्यांचे डोळे बरे झाले असते.

पण त्याच गर्दीत एक शेतकरी गृहस्थ आले होते. एकच डोळा लाल. उसात काम करताना पात लागली होती. गावात सगळ्यांचेच डोळे आलेले, त्यामुळे त्यांना वाटलं आपलंही तेच. मेडिकलवाल्याने साथीत सगळ्यांना देत होता तीच बाटली दिली. तीन-चार दिवस बरं वाटलं, लाली उतरली. मग दुखायला लागलं. माझ्यापर्यंत पोचायला तीन आठवडे गेले होते आणि तोवर बुबुळावर पांढरा डाग पार मध्यापर्यंत गेला होता. खिशातली बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. तिच्यात स्टेरॉइड होतं.

दोन लाल डोळे. बाहेरून सारखेच दिसणारे. एक आपोआप बरा होतो, दुसरा कायमचा जातो. आज हा फरक कशामुळे पडतो, तेवढंच बघायचं आहे. त्यासाठी आधी डोळा स्वतःचं रक्षण कसं करतो ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

विचार करा, शरीराचा हा एकच अवयव असा आहे की जो ओला आहे, उबदार आहे आणि दिवसभर उघड्यावर आहे. धूळ, धूर, समोरच्याची शिंक, आपलीच बोटं. जंतूंना याहून बरी जागा कुठली? तरीसुद्धा बहुतेकांचे डोळे वर्षानुवर्षं काहीच न होता चालतात. म्हणजे बंदोबस्त चांगला असणार.

पहिला बंदोबस्त पापणीचा. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी वरची पापणी वायपरसारखी खाली येते, जुना पाण्याचा थर नाकाकडे ढकलते आणि नवा पसरते. नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, आरशात नीट बघितलं तर दिसतं. तिथून हे पाणी नाकात उतरतं. म्हणून रडलं की नाक वाहतं, आणि म्हणून डोळ्यात टाकलेल्या ड्रॉपची कडू चव घशात येते. मोबाइल बघताना हे पापण्या मिटणं निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. आजकाल ‘डोळ्यात खडे टोचल्यासारखं होतं’ ही तक्रार जी वाढली आहे, तिचं एक मोठं कारण हे.

दुसरा बंदोबस्त अश्रूंचा. अश्रू म्हटलं की आपल्याला रडणं आठवतं, पण खरं काम करतात ते न रडता सतत पाझरणारे अश्रू. बुबुळावर त्यांचा जो थर असतो तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका जाड. त्यात वर तेल, मध्ये पाणी, खाली बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत म्युसिन. तेल येतं पापणीच्या कडेवरच्या ग्रंथींमधून. वरच्या पापणीत त्या पंचवीस-तीसच्या वर असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. या ग्रंथी लक्षात ठेवा, रांजणवाडीच्या वेळी परत येतील.

आणि या पाण्यात काय असतं? इथे एक गोष्ट सांगतो. पेनिसिलिनमुळे अलेक्झांडर फ्लेमिंग सगळ्यांना माहीत आहे. ते १९२८ सालचं. पण त्याच्या सहा-सात वर्षं आधी, १९२१ मध्ये, स्वतःला सर्दी झालेली असताना त्याने आपल्या नाकातला शेंबूड जंतूंच्या बशीत टाकून बघितला. जंतू विरघळायला लागले. मग त्याने अश्रू तपासले. तेही तसंच करत होते, किंबहुना जास्त जोरात. प्रयोगाला अश्रू लागायचे, म्हणून प्रयोगशाळेत येणाऱ्यांच्या डोळ्यात लिंबाच्या सालीचा रस पिळायचा आणि त्या रडण्याचे पैसे द्यायचे. (हशा.) त्या पदार्थाचं नाव त्याने ठेवलं लायसोझाइम. जंतूच्या भोवती जी भिंत असते तिचे सांधे तो तोडतो, आणि जंतू पाणी पिऊन फुटतो. अंड्याच्या पांढऱ्यातही तो भरपूर असतो.

लायसोझाइम सगळ्या जंतूंवर चालत नाही. म्हणून अश्रूंमध्ये त्याच्या जोडीला लॅक्टोफेरिन असतं. ते पाण्यातलं लोह धरून ठेवतं, आणि लोहाशिवाय बऱ्याच जंतूंची वाढ होत नाही. शिवाय आयजीए नावाची प्रतिपिंडं, जी जंतूंना बुबुळाला चिकटूच देत नाहीत. रात्री आपण झोपलो की पापणीचा वायपर बंद होतो. तेव्हा या आयजीएचं प्रमाण वाढतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी डोळ्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. सकाळी कोपऱ्यात थोडं चिपड असतं ना, त्यात या रात्रपाळीचा हिस्सा असतो. थोडंसं चिपड म्हणजे इन्फेक्शन नव्हे. ते दिवसभर येत राहिलं, पिवळं झालं, पापण्या चिकटायला लागल्या की मग बोलू.

आता तिसरा बंदोबस्त, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. बुबुळ, म्हणजे इथे मी समोरच्या पारदर्शक काचेबद्दल बोलतो आहे, कॉर्निया, मराठीत पारपटल. मध्यभागी ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्याच्यावर पाच-सात पेशींच्या थरांची एक कातडी असते. या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की ही कातडी धड असेपर्यंत फारच थोडे जंतू आत शिरू शकतात. गनोरियाचा शिरतो, घटसर्पाचा शिरतो, आणखी एखाद-दुसरा. बाकीच्यांना आधी दार उघडं मिळावं लागतं. एक ओरखडा पुरतो.

आणि एकदा आत शिरले की पारपटलाची कमजोरी उघडी पडते. पारदर्शक राहायचं म्हणून त्यात रक्तवाहिन्याच नाहीत. हाताला जखम झाली तर रक्तातून पेशी मिनिटांत पोचतात. इथे त्यांना कडेवरून यावं लागतं. आणि लढाई जिंकली तरी मागे व्रण राहतो. हातावरचा व्रण हाताला अडवत नाही. पारपटलावरचा व्रण म्हणजे काचेला लागलेला चुना. आपल्याकडे त्याला फूल पडणं म्हणतात. इतकं सुंदर नाव इतक्या वाईट गोष्टीला का दिलं असेल कोण जाणे.

आता आजारांकडे. बाहेरून आत जाऊ.

पापणीवर रांजणवाडी. पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा त्या तेलाच्या ग्रंथीत तोंड बंद होतं, आत स्टॅफिलोकॉकस वाढतो, गाठ लाल होऊन ठणकते. कोणाला ‘नाही’ म्हटलं म्हणून ती होत नाही. ऊन पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं शेकायचं, तेल पातळ होतं, तोंड उघडतं. दाबून फोडायची नाही. लसूण चोळायचा नाही, मी ते भाजलेले डोळे बघितले आहेत. न दुखणारी गाठ महिनाभर राहिली तर दाखवा. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

मग साथ. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतल्या बाजूला जे पातळ आवरण असतं त्याला सूज येते, ते डोळे येणं. साथीत हे बहुतेक वेळा व्हायरसचं काम असतं, मुख्यतः ॲडिनोव्हायरस, काही साथींत एन्टरोव्हायरस. यातली एक साथ इतिहासात गाजली. १९६९ मध्ये घानात डोळ्यात रक्त उतरणारी एक नवीच साथ आली. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून तिथल्या लोकांनी तिला नाव दिलं अपोलो. १९७१ मध्ये ती आपल्याकडे आली, तेव्हा पूर्व पाकिस्तानातून निर्वासित येत होते, म्हणून कलकत्त्यात नाव पडलं जय बांगला. मुंबईतही ती पसरली. डोळे आठवड्यात बरे होत, पण थोड्या रुग्णांना नंतर पोलिओसारखा लुळेपणा आला, आणि हे मुंबईच्या डॉ. नोशिर वाडिया यांनी नोंदवून जगापुढे मांडलं. सहसा असं होत नाही, घाबरू नका. पण ‘डोळेच तर आलेत’ म्हणताना हेही माहीत असावं.

ॲडिनोव्हायरस नजरेने येत नाही. ‘त्याच्या डोळ्यात बघू नको’ असं आपण मुलांना सांगतो, आणि गॉगल लावलेला माणूस निर्धास्त सगळ्यांशी हात मिळवतो. तो येतो हाताने. डोळा पुसलेला हात दाराच्या कडीला, तिथून तुमचा हात, तुमचा हात तुमच्या डोळ्याला. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची डबी, एकमेकांची ड्रॉपची बाटली. कोरड्या पृष्ठभागावर हा व्हायरस कित्येक दिवस टिकतो. आणि आम्ही डॉक्टरही यात धुतल्या तांदळासारखे नाही. १९४१-४२ मध्ये अमेरिकेत जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये कामगारांच्या डोळ्यांची मोठी साथ आली. डोळ्यात गेलेला कण काढायला कामगार दवाखान्यात जायचे आणि तिथल्या हातांनी, उपकरणांनी साथ घेऊन परत यायचे. म्हणून साथीत साध्या लाल डोळ्यासाठी गर्दीच्या दवाखान्यात येऊन बसण्यापेक्षा घरी थांबणं कधीकधी शहाणपणाचं.

यावर अँटिबायोटिक चालत नाही, कारण ते बॅक्टेरियाचं औषध. जाड पिवळा पू येत असेल तर बॅक्टेरिया असण्याची शक्यता वाढते आणि मग ड्रॉपचा उपयोग होतो. पाणी येणारा, खाजणारा, आधी एक आणि दोन-तीन दिवसांनी दुसरा असा डोळा असेल तर थंड पट्ट्या, स्वच्छता आणि धीर. डोळा लाल असून पाणी येतंय तोवर मुलाला शाळेत पाठवू नका, साधारण आठवडा ते दोन आठवडे.

तान्ह्या बाळाचं वेगळं. पहिल्या महिन्यात डोळ्यातून पू आला तर त्याच दिवशी डॉक्टर. तो जंतू आईच्या जननमार्गातून आलेला असू शकतो, आणि गनोरियाचा असेल तर मी मघाशी म्हणालो तसं, त्याला ओरखड्याची गरज नाही. आईचं दूध डोळ्यात पिळायचं नाही. मात्र बाळाचा डोळा लाल नाही, नुसतं पाणी आणि चिपड येतंय, तर बऱ्याचदा नाकाकडची नळी अजून उघडलेली नसते. कोपऱ्यावर मालिश करायला शिकवतो आम्ही, आणि बहुतेकांची वर्षाच्या आत उघडते.

खुपऱ्यांचं नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. क्लॅमिडियाचा हा आजार. तो पुन्हा पुन्हा झाला की वरच्या पापणीला आतून व्रण पडतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात. रक्षणासाठी असलेली पापणीच डोळा खरवडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर केलं. याचं मोठं श्रेय घरात आलेल्या पाण्याला आणि धुतलेल्या चेहऱ्यांना आहे.

आता पारपटल. आपल्या त्या शेतकऱ्याकडे परत येऊ.

उसाची पात, भाताचं कुसळ, ज्वारीचं ताट, मळणीतला भुसा, बैलाची शेपटी. या सगळ्यांवर बुरशी असते. लागलं की कातडीला ओरखडा पडतो आणि त्याच वेळी बुरशी आत पेरली जाते. फ्युजेरियम, ॲस्परजिलस ही त्यातली नेहमीची नावं. थंड देशांत बुरशीचा अल्सर क्वचित दिसतो, पण दक्षिण भारतातल्या रुग्णालयांत जंतू सापडलेल्या अल्सरमध्ये जवळजवळ निम्मे बुरशीचे निघतात. आणि बुरशी सावकाश चालते. पहिल्या आठवड्यात नुसती लाली, थोडं पाणी, थोडी टोचणी. म्हणून फसवते.

तिच्यावर नेहमीचे अँटिबायोटिक ड्रॉप काम करत नाहीत. नॅटामायसिन नावाचं बुरशीचं औषध लागतं, सुरुवातीला तासातासाला, आणि उपचार आठवडे, कधी महिने चालतात. आणि इथे जर स्टेरॉइड पडलं? लाली म्हणजे काय, तर शरीराने पाठवलेली कुमक. स्टेरॉइड कुमक परत पाठवतं. लाली उतरते, ठणका कमी होतो, पेशंट खूश, मेडिकलवाला खूश. आणि आत बुरशीला मोकळं रान. जे तीन-चार दिवस त्या गृहस्थांना ‘बरं वाटलं’, ते हेच. त्यांचा डोळा आम्ही राखला, नजर नाही राखता आली. पुढे नेत्रदानातून मिळालेलं पारपटल बसवलं. बोटं मोजता येतात आता.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, आम्ही रोज वापरतो. पण स्लिट लॅम्पखाली बघितल्यानंतर. त्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन, यातलं काही दिसलं तर डोळे तपासल्याशिवाय तो ड्रॉप टाकायचा नाही. मागच्या वेळचा उरलेला तर नाहीच.

ओरखड्यानंतर वेळ किती हाताशी असतो? नेपाळमध्ये भक्तपूरला याचा अभ्यास झाला होता. गावातल्या आरोग्यसेवकांनी ओरखडा पडलेल्यांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं. ज्यांना १८ तासांच्या आत मिळालं त्यांच्यापैकी कोणालाच अल्सर झाला नाही, उशिरा आलेल्यांपैकी काहींना झाला. ऐकायला फार छान वाटतं. पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. नंतर नेपाळातच गावं निवडून मोठी तुलनात्मक चाचणी झाली, तिच्यात असे सेवक असलेल्या आणि नसलेल्या गावांत अल्सरच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे मलमाचा कार्यक्रम हा सोपा तोडगा नाही. लागल्यावर लवकर दाखवण्याला मात्र मी पर्याय समजत नाही.

शहरातल्या लोकांनी ‘आपण कुठे शेतात जातो’ म्हणू नये. तुमचा ऊस म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्स अश्रूंचा प्रवाह अडवते, प्राणवायू कमी पोचू देते, कातडीवर बारीक ओरखडे पाडते. लेन्स लावून झोपलात तर धोका कित्येक पटींनी वाढतो. स्युडोमोनास नावाचा जंतू शिरला तर एक-दोन दिवसांत पारपटल वितळवू शकतो. आणि नळाच्या पाण्याने लेन्स धुणारी मंडळी, तुमच्यासाठी अकॅन्थामीबा. गच्चीवरच्या टाकीत, पोहण्याच्या तलावात असतो. कवच करून बसला की क्लोरीनला दाद देत नाही. डोळ्यात जेवढं दिसतं त्याच्या कैकपट दुखतं, आणि उपचार महिनोन्‌महिने.

एक नागिणीबद्दल, मग प्रश्न. कांजिण्यांचा व्हायरस वर्षानुवर्षं मज्जातंतूत झोपून असतो, म्हातारपणी जागा होतो. कपाळावर, पापणीवर नागीण उठली, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर डोळ्यात उतरण्याची शक्यता मोठी. लोक तोंड-शेपूट मिळेल या भीतीने नागीण उतरवून घ्यायला जातात, गेरू लावतात. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर उत्तम लागू पडतं, आणि ते तास तिथे जातात.

(प्रश्न: घरच्या घरी कसं ओळखायचं, कुठला लाल डोळा थांबू शकतो?)

एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडर वाचा. लाल डोळ्याने नेहमीसारखं दिसतंय, उजेड सहन होतोय, दुखणं म्हणजे नुसती खाज-चुरचुर, तर दोन दिवस थांबायला हरकत नाही. अंधुक दिसतंय, उजेडात डोळा उघडवत नाही, ठणकतंय, बुबुळावर मोबाइलच्या टॉर्चमध्ये पांढरा ठिपका दिसतोय, काही लागलं होतं, किंवा लेन्स वापरता, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी. लेन्स काढा आणि डबीसकट घेऊन या, तिच्यातूनही जंतू सापडतो.

(प्रश्न: गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचं पाणी चालेल का?)

निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट नको. आत्ताच आपण बघितलं, डोळ्यातलं पाणी फ्लेमिंगने जंतू मारायला वापरलं. ते धुऊन टाकून त्याजागी बाजारातलं गुलाबपाणी कशाला भरायचं? चुना किंवा ॲसिड उडालं तर मात्र हातात येईल त्या स्वच्छ पाण्याने ताबडतोब, वीस-तीस मिनिटं धुवत राहायचं. तिथे नळच चांगला.

(प्रश्न: ड्रॉप एक टाकायचा की दोन?)

एकच. पापणीच्या आत साधारण ३० मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच बहुधा त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब गालावर जातो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि बाटलीचं टोक पापणीला लावू नका, नाहीतर उद्या औषधाबरोबर कालचे जंतूही परत टाकाल.